वाकावे कुणापुढे?

पवित्र गुरुवारची संध्याकाळ. वसईतल्या चर्चमध्ये वेदीसमोर बारा खुर्च्या मांडलेल्या असतात. गावातली बारा माणसे त्यांवर येऊन बसतात. कुणी वाडीवाला, कुणी रेल्वेतून निवृत्त झालेला, कुणी कॉलेजात जाणारा पोरगा. फादर अंगावरचा झगा उतरवतात, कमरेला पंचा बांधतात आणि पाण्याचे भांडे घेऊन एकेकासमोर गुडघे टेकतात. पायावर पाण्याची धार, मग पंच्याने पुसणे, मग त्या पायाला ओठ टेकणे. गंमत अशी की धुवायचे पाय घरूनच घासूनपुसून, नखे कापून आलेले असतात. हा विधी पाहताना दर वेळी एक गोष्ट माझ्या ध्यानात येते. खाली वाकलेले फादर निवांत असतात, अवघडलेली असतात ती खुर्चीवरची माणसे. पाय नकळत मागे ओढला जातो, नजर कुठे ठेवावी ते कळत नाही.

हा अवघडलेपणा फार जुना आहे. योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू शिष्यांचे पाय धुतो, तेव्हा पेत्र पाय मागे घेतो. धुळीने भरलेले पाय धुणे हे त्या काळी नोकराचे, गुलामाचे काम. आपल्याकडेही पाय धुण्याला दिशा असते. लग्नात मुलीचा बाप जावयाचे पाय धुतो, भक्त बुवांचे पाय धुतो. बुवा भक्ताचे पाय धुताना कुणी पाहिलेले नाही. गुरूने शिष्यापुढे वाकावे हे पेत्राला पटणे शक्यच नव्हते. त्याचा नकार वरून पाहिला तर विनयच वाटतो. येशूचे उत्तर मात्र कडक आहे. हे तू माझ्याकडून घेणार नसशील तर तुझा माझ्याशी संबंध उरत नाही, असा त्याचा आशय.

ख्रिस्ती शिकवणीतला विनय म्हणजे काय हे समजून घ्यायचे तर पेत्राच्या या मागे घेतलेल्या पायापासून सुरुवात करावी. पेत्र गुरूसाठी जीव द्यायला तयार आहे, तसे तो त्याच रात्री बोलूनही दाखवतो. त्याला जड जाते ते घेणे. फुकटात, लायकी नसताना, परतफेडीची सोय नसताना घेणे. आपण ज्याला नम्रपणा म्हणतो त्यात हा हिशेब किती वेळा दडलेला असतो! कुणाचे उपकार नकोत, कुणापुढे हात पसरायची वेळ नको. वरून हा साधेपणा दिसतो, आतून ती ऐट असते. आणि घेता न येणाऱ्या माणसाला भरवसा ठेवता येत नाही, कारण भरवसा म्हणजे दुसऱ्याच्या हातात आपला पाय देणेच. म्हणून माझे म्हणणे असे की, विनय आणि देवावरचा भरवसा हे ख्रिस्ती शिकवणीतले दोन वेगवेगळे सद्गुण नव्हेत. एकातून दुसरा काढून घेतला की उरलेला नासतो. भरवसा गेला की विनयाची लाचारी होते, आणि विनय गेला की भरवशाची मुजोरी.

आपल्या भाषेतले दोन शब्दच पाहा. नम्र म्हणजे वाकलेला, 'नम्' धातूतून आलेला. विश्वास हा शब्द 'श्वस्' धातूचा. श्वास मोकळा सोडता येणे, धास्ती न उरणे, हा त्याच्या मुळाशी असलेला अर्थ. आता शरीराचा साधा अनुभव असा की कमरेत वाकले की श्वास कोंडतो. मालकापुढे, साहेबापुढे, सावकारापुढे वाकलेल्या माणसाला तर तो छातीत धरूनच ठेवावा लागतो. वाकायचे आणि श्वासही मोकळा ठेवायचा, हे जमावे कसे? ख्रिस्ती शिकवणीचा दावा असा की एका ठिकाणी हे जमते.

हा दावा ज्या जगात पहिल्यांदा मांडला गेला त्या जगाला तो विचित्र वाटला असणार. ग्रीक भाषेत विनयासाठी जो शब्द नव्या करारात येतो, 'टापैनोस', त्याचा तोवरचा वापर बहुधा हिणवण्यासाठी होई. हलका, खालचा, गुलामी वृत्तीचा. अ‍ॅरिस्टॉटलचा आदर्श पुरुष थोर मनाचा असतो. आपण मोठ्या मानाला पात्र आहोत हे तो जाणतो, आणि तो मान त्याला मिळावा हेच योग्य मानले जाते. सद्गुणांच्या त्याच्या मांडणीत विनयाला जागा नाही. पौलाने ज्या फिलिप्पै शहरातल्या मंडळीला पत्र लिहिले ती तर रोमन वसाहत, दर्जा आणि नागरिकत्व यांचा तोरा असलेली. त्या लोकांना तो सांगतो की, जो देवाच्या बरोबरीचा होता त्याने स्वतःला रिते केले, दासाचे रूप घेतले आणि वधस्तंभावरचे मरणही स्वीकारले. वधस्तंभ ही गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा. अपमानाच्या शब्दाला मानाचा अर्थ आला तो या कथेमुळे. यात वाकतो तो खालचा नव्हे, सर्वांत वरचा वाकतो. ही दिशा विसरली की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

आणि तो वारंवार चुकत आला आहे. विनयाची शिडी चढायला लागले की पहिल्याच पायरीवर आरसा भेटतो. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांसाठी विनयाच्या बारा पायऱ्या लिहून ठेवल्या. सहाशे वर्षांनी क्लेअरव्होच्या बर्नार्डने त्याच विषयावर ग्रंथ लिहायला घेतला आणि प्रत्यक्षात सविस्तर वर्णन केले ते अहंकाराच्या बारा पायऱ्यांचे. माझा अनुभव चढण्यापेक्षा उतरण्याचा अधिक आहे, अशी कबुलीही त्याने दिली. मला हा प्रामाणिकपणा त्या शिडीपेक्षा मोलाचा वाटतो. मराठीत खोट्या विनयाला आपण 'मानभावीपणा' म्हणतो. शब्द महानुभाव पंथावर अन्याय करून रूढ झालेला, पण दोष नेमका पकडणारा. 'मी काय, पामर' असे म्हणणाऱ्याचे कान समोरच्याच्या 'छे, छे, असं कसं?' कडे लागलेले असतात.

यातून वाट दाखवली ती सोळाव्या शतकातल्या आविलाच्या तेरेसाने. विनय म्हणजे सत्यात चालणे, असा तिच्या शिकवणीचा गाभा. स्वतःला कमी लेखणे हेही खोटेच. ज्याला गाणे येते त्याने 'मला काही येत नाही' म्हणणे हा विनय नव्हे, थाप आहे. येते ते आपल्या एकट्याच्या कमाईचे नाही, हे ओळखणे म्हणजे विनय. लूकच्या शुभवर्तमानातली परूशी आणि जकातदाराची गोष्ट या अंगाने वाचावी. मंदिरात उभा राहून परूशी जे सांगतो त्यात एकही गोष्ट खोटी नाही. तो उपास करतो, दशांश देतो. फक्त त्याच्या प्रार्थनेत देवाला करायला काही कामच उरलेले नाही. जकातदाराकडे सांगण्यासारखे काहीच नाही, म्हणून त्याला मागावे लागते. पहिल्याचा हिशेब पुरा आहे, दुसऱ्याचा हात रिकामा आहे. येशूच्या मते देवाच्या दृष्टीने योग्य ठरून घरी जातो तो दुसरा.

पण रिकामा हात आणि मागणारा हात यांतही फरक असतो. भरवशाच्या नावाखाली देवालाच कामाला जुंपणारी एक श्रद्धा आहे, आणि तिचा बाजार आज तेजीत आहे. माझ्या ओळखीच्या एका घरात वयस्क बाईंच्या मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या. एका प्रार्थनासभेत त्यांना सांगण्यात आले होते की औषध घेणे म्हणजे अविश्वास. थोड्याच दिवसांत त्यांना दवाखान्यात हलवावे लागले, आणि सभेवाल्यांचा निष्कर्ष असा की बाईंचा विश्वास कमी पडला. हा भरवसा दिसायला फार मोठा. मात्र त्याचा पहिला प्रवक्ता शुभवर्तमानात कोण आहे ते पाहावे. सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि म्हणतो, उडी टाक, देवदूत तुला झेलतील. पुष्टीला तो स्तोत्रातले वचनही देतो. येशू उडी टाकत नाही. देवाची परीक्षा पाहायची नसते, एवढे सांगून तो थांबतो. देव माझ्या म्हणण्याप्रमाणे वागेल ही खात्री म्हणजे विश्वास नव्हे, तो वटवायला काढलेला चेक आहे.

खरा भरवसा कसा असतो हे दाखवणारा प्रसंग शिखरावर नाही, बागेत आहे. गेथशेमाने बागेत येशू घाबरलेला आहे. हा प्याला टळावा असे तो उघड मागतो. शूर दिसण्याची त्याला गरज वाटत नाही. मागणे मागून झाल्यावर तो निर्णय देवावर सोपवतो, आणि उत्तर येत नाही. प्याला टळत नाही. ज्या धर्माच्या मध्यभागी न मिळालेले मागणे आहे, त्या धर्मात 'मागा आणि मिळवा' याचा अर्थ दुकानदारीचा असू शकत नाही. अरण्यात इस्राएल लोकांना रोजचा मान्ना मिळे तो त्या दिवसापुरता. उद्यासाठी साठवला की त्यात किडे पडत. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर मागितली आहे ती आजची. भरवसा साठवून ठेवता येत नाही, रोज सकाळी नव्याने वेचावा लागतो.

इथवर आले की खरा आक्षेप समोर उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूमने विनयाची गणना मठातल्या निरुपयोगी गुणांत केली. 1887 साली आलेल्या ग्रंथात नीत्शेने त्याहून खोल घाव घातला. दुबळ्यांनी आपल्या दुबळेपणालाच सद्गुण म्हणून घेतले, आणि भित्रेपणाचे नाव विनय ठेवले, असे त्याचे म्हणणे. पण मराठी वाचकाला अधिक जवळचा, आणि मला अधिक बोचणारा आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर लिहिताना त्यांनी दाखवून दिले की, माणसाच्या दुःखाचे मूळ त्याच्या पापात आहे असे शिकवले की त्याची नजर समाजरचनेवरून हटते. मग अन्यायाविरुद्ध उठण्याचे बळ त्याच्यात येणार कुठून? आधीच पिढ्यान्‌पिढ्या वाकवलेल्या माणसाला विनय शिकवायचा, आणि वर देवावर भरवसा ठेवून सहन कर म्हणायचे, याला उपदेश म्हणायचे की जुलूम करणाऱ्याची वकिली?

या आक्षेपाला धर्माचार्यांच्या ग्रंथांतून उत्तर देण्यापेक्षा शुभवर्तमानात येशू विनयाबद्दल नेमके कुणाशी बोलतो ते तपासावे. लूकच्या चौदाव्या अध्यायात तो एका प्रतिष्ठिताच्या घरी जेवायला गेला आहे. पाहुणे मानाच्या जागा पटकावत आहेत. त्यांना तो सांगतो, सर्वांत खालच्या जागी बसा. दुसरीकडे याकोब आणि योहान त्याच्या उजव्या-डाव्या हाताच्या खुर्च्यांसाठी अर्ज करतात, तेव्हा तो दास होण्याविषयी बोलतो. म्हणजे विनयाचा उपदेश खुर्चीच्या शोधात असलेल्यांना आहे. आता त्याच लूकचा आदला, तेरावा अध्याय उघडावा. सभास्थानात एक बाई आहे. अठरा वर्षे ती कमरेत वाकलेली आहे, तिला सरळ उभे राहताच येत नाही. येशू तिला विनय शिकवत नाही. देवाने दिलेला भोग म्हणून सोस, असेही म्हणत नाही. तो तिला जवळ बोलावतो, तिच्यावर हात ठेवतो आणि ती ताठ उभी राहते. शब्बाथाच्या दिवशी हे घडले म्हणून सभास्थानाचा अधिकारी रागावतो, पण येशूवर नव्हे, लोकांवर! बरे व्हायला बाकीचे सहा दिवस आहेत ना, असे तो त्यांना सुनावतो. वाकलेल्यांना वाकलेलेच ठेवू पाहणाऱ्या प्रत्येक धर्माधिकाऱ्याचे चित्र त्या वाक्यात आहे.

वाकलेल्याला उभे करणे आणि उभ्याला वाकवणे, हे दोन अध्याय एकमेकांना लागून आहेत. चर्चने अनेकदा चौदावा अध्याय तेराव्यातल्या बाईला वाचून दाखवला, हा चर्चचा खरा अपराध. आंबेडकरांचा आक्षेप तिथे पूर्णपणे लागू पडतो, आणि तिथे तो मान्य केलाच पाहिजे.

नीत्शेचा तो ग्रंथ आला त्याच 1887 साली अमेरिकेत पंडिता रमाबाईंचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. दुबळ्यांच्या धर्माबद्दल नीत्शे जे म्हणत होता त्याचे सर्वांत चांगले उत्तर माझ्या मते या बाईंच्या आयुष्यात आहे. रमाबाईंचा भरवशाचा पहिला धडा भुकेचा होता. 1870 च्या दशकात मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. उरलासुरला पैसा दानधर्मात आणि अनुष्ठानांत संपला, आणि अंगमेहनतीला हात घालायला घराण्याचा अभिमान आडवा आला, असे त्यांनीच पुढे लिहिले. त्या दिवसांनी त्यांना एक गोष्ट कायमची शिकवली असावी. वाट पाहत बसणे म्हणजे भरवसा नव्हे, आणि उपाशी माणसाचाही गर्व मरत नाही.

1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथल्या जोगिणींच्या मठात रमाबाईंनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला. मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना त्या पत्रांत 'आजीबाई' म्हणत. नाते इतके घरगुती, आणि तरी पुढच्या दोन-तीन वर्षांतला या दोघींचा पत्रव्यवहार म्हणजे विनय या शब्दावरची झटापटच आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1977 साली तो इंग्रजीत प्रसिद्ध केला. रमाबाई अंडे घातलेले पदार्थ खात नाहीत, आजीबाईंना त्यात जातीचा अभिमान दिसतो. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, आमच्या जुन्या संस्कृतपेक्षा लॅटिनमध्ये अधिक काय आहे, असे रमाबाई विचारतात. इंग्रज मुलग्यांना त्यांनी शिकवावे की नाही असा प्रश्न निघतो तेव्हा हिंदुस्थानातले बिशप आडवे येतात. तरुण पुरुषांना माझ्या आईने शिकवले, मी शिकवले, त्याला ना वडिलांनी हरकत घेतली ना नवऱ्याने, आणि इंग्रज लोक घेतात, याचे रमाबाईंना नवल वाटते. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटत नाही, तर पटला असे त्या म्हणत नाहीत. आजीबाईंचा आरोप ठरलेला, तुझ्यात नम्रता नाही. रमाबाईंच्या उत्तराचा आशयही ठाम. मोठ्या कष्टाने एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान सोडवली आहे, ती लगेच दुसऱ्या जोखडात देणार नाही.

आजीबाई दुष्ट नव्हत्या. नवख्या मुलीची काळजी त्यांना मनापासून होती. पण आज्ञाधारकपणा आणि विनय हे एकच आहेत असे त्या धरून चालल्या होत्या, आणि चर्चच्या इतिहासात ही गल्लत त्यांच्या आधी आणि नंतरही असंख्यांनी केली. रमाबाईंना फरक कळत होता. देवावर भरवसा असेल तर त्याच्या मध्यस्थांची भीती बाळगायचे कारण नाही. जी मान खरोखर एका ठिकाणी वाकली आहे तिला इतर ठिकाणी वाकण्याची सक्ती उरत नाही. कोंडलेला श्वास सुटतो तो इथे.

रमाबाईंत गर्वाचा अंश नव्हता असे म्हणायचे नाही. त्यांनी स्वतःच पुढे कबूल केले की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. बुद्धीला पटलेली मते आणि जिवाचा आधार यांतले हे अंतर त्यांना 1890 नंतर उमगत गेले. त्याच दशकात जॉर्ज म्युलरसारख्यांची चरित्रे त्यांनी वाचली. ब्रिस्टलमध्ये म्युलर कुणाकडे वर्गणी न मागता, केवळ प्रार्थनेच्या बळावर, अनाथालये चालवत होते. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या मुलींना घेऊन आल्या. दौंडजवळच्या केडगावला 'मुक्ती' उभी राहिली ती त्यांच्यासाठी. 1900 च्या सुमारास तिथे दीड हजारांच्या आसपास बायका-मुली होत्या. त्यांचे खाणे, कपडे, औषधे कुठून यायची याची हमी नव्हती. रोज वेचायच्या मान्न्याचा हिशेब तो.

पण या भरवशाच्या शेजारी काय काय होते ते पाहा. शेत होते, विहिरी होत्या, गुरे होती, तेलाचा घाणा, विणकाम, शाळा, छापखाना होता. 'देव बघून घेईल' म्हणत हातावर हात ठेवून बसलेले तिथे कुणी नव्हते. ज्या घराण्यात श्रमाची लाज वाटली म्हणून उपासमार पाहावी लागली, त्या घराण्यातली मुलगी दीड हजारजणींना हाताने काम करायला शिकवत होती. केडगावच्या मुली अठरा वर्षे वाकलेल्या त्या बाईच्याच बहिणी. रमाबाईंनी त्यांना विनय शिकवण्याआधी उभे राहायला शिकवले.

त्यांच्या आयुष्यातले शेवटचे मोठे काम मात्र वाकण्याचे होते. कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले, लॅटिनपुढे ज्यांनी संस्कृतची बाजू ताठ मानेने लढवली, त्या रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर तोवर होते, पण त्यांना ते जड वाटे. पुस्तकी संस्कृतप्रचुर मराठी फारशी न शिकलेल्या बाईच्या पोटात कशी उतरणार? म्हणून मूळ भाषांपासून त्यांनी नव्याने, साध्या मराठीत भाषांतर करायला घेतले. खिळे जुळवायला मुक्तीतल्याच मुली. वर्षानुवर्षे हे काम चालले. 1921 साली लेक मनोरमा गेली, जिच्या हाती सगळे सोपवायचे होते ती. तरी काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते.

भाषांतर म्हणून त्याचे गुणदोष जाणकारांनी ठरवावेत. मला त्यात दिसते ती पाय धुण्याची कृती. संस्कृत हे रमाबाईंचे भरजरी वस्त्र होते, आईने शिकवलेले, त्यांना जगभर मान मिळवून देणारे. ते त्यांनी उतरवून ठेवले, कमरेला साध्या मराठीचा पंचा बांधला, आणि मुळाक्षरे नुकती गिरवलेल्या, दुष्काळातून वाचलेल्या पोरीसमोर त्या खाली बसल्या. बिशपांसमोर ही बाई वाकली नव्हती.